पंधरा रेघांचं नाणं

अंधेरीच्या बाजारात नाणेतज्ज्ञ फुकट भेटतात. भाजीवाला दहाचं नाणं उजेडात धरतो, कडेच्या रेघा मोजतो आणि निकाल देतो, "पंधरा आहेत, चालणार नाही. दहावालं द्या." रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं, की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे वैध आहेत. पण रिझर्व्ह बँक पडली फोर्टात. भाजी घ्यायला ती कुठे येते? टांकसाळही फोर्टातच. सालाखाली हिऱ्याची खूण असली की नाणं अस्सल मुंबईकर. तरी त्याला उपनगरात प्रवेश नाही!

वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं मात्र गल्ल्यात पडत नाही, देव्हाऱ्यात जातं. मोबाइलवर कुणीतरी त्याचे लाखो देणार असतं. फक्त आधी 'नोंदणी फी' भरायची. असल्या ठगांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध केलं, तेही फोर्टातूनच.

आठाणे कायद्याने अजून जिवंत आहेत. दहा रुपयांपर्यंत देता येतात. घाटकोपर स्टेशनबाहेर कटिंगवाल्यापुढे वीस मोजून ठेवा. तो कायदा विचारणार नाही, ग्लास परत मागेल.