निवृत्त होणाऱ्या कबड्डीच्या सरांचे आभार कसे मानावेत

निवृत्त होणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल खेळाडूला वाटणारी कृतज्ञता दोन प्रकारची असते: मनातली आणि माइकवरची. मनातलीला नियम लागत नाहीत. माइकवरची सैल सोडली की वाटेल तिकडे जाते, म्हणून तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर, इचोडा, बोथ आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या किनवटपर्यंतच्या माजी कबड्डीपटूंसाठी तिची रीत येथे दिली आहे.

प्रथम तारीख. सरकारी शाळेतले पीईटी, म्हणजे शारीरिक शिक्षणाचे, सर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. तेलंगणाने 2021 मध्ये निवृत्तीचे वय 58 वरून 61 केले. महाराष्ट्रातला शिक्षक 58 व्या वर्षीच घरी बसतो. त्यामुळे किनवटच्या खेळाडूला बाजारहत्नूरच्या खेळाडूपेक्षा तीन वर्षे आधी कृतज्ञ व्हावे लागते. शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख हेडमास्तरांनी परस्पर 1 जून लावून टाकली, त्यांची सेवा 31 मे रोजी संपते. तेव्हा शाळेला सुट्टी, आदिलाबादचा पारा 45 च्या आसपास, आणि नेमक्या त्याच दिवशी सरांच्या अंगावर एकामागून एक शाली. एका माणसावर जास्तीत जास्त किती शाली घालाव्यात याचा नियम अजून कोणी केलेला नाही. करावा.

भेट म्हणून भिंतीवरचे घड्याळ देऊ नये. ज्यांनी शिट्टी तोंडात धरून चढाईचे 30 सेकंद मनातल्या मनात मोजले, त्यांना वेळ दाखवण्याची गरज नाही. वर्गणी जमलीच असेल तर ती मैदानावर खर्चावी. इथली कापसाची काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर पकड करणारा गडी गुडघे फोडून घेतो. आधी मुरूम पसरावा, पाणी मारावे, रोलर फिरवावा, मग वर चाळलेली माती टाकावी. पुरुषांचे अंगण 13 बाय 10 मीटर, मुलींचे 12 बाय 8. रेषा आखताना वाऱ्याकडे पाठ करून चालावे, नाहीतर फक्की डोळ्यांत जाते; हे सरांनी प्रत्येक तुकडीला सांगितले आहे आणि प्रत्येक तुकडी एकदा डोळे चोळून मगच शिकली आहे. दोन ट्रॉली मुरूम शालींपेक्षा स्वस्त पडेल असे नाही, पण त्यावर सर रोज उभे राहतील. शाली ट्रंकेत जातात.

आता भाषण. याला कबड्डीचेच नियम लावावेत, वेगळे करायची गरज नाही. दम मध्यरेषेच्या अलीकडेच धरायचा असतो, नाहीतर पंच परत पाठवतो. म्हणजे पहिल्याच वाक्यात सर आले पाहिजेत. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ इथून निघून एमईओ (मंडल शिक्षणाधिकारी) साहेब, सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच असे करत जाणाऱ्याचा दम सरांपर्यंत पोचण्याआधीच तुटतो. पुढे चढाईपटूने एकतर कोणाला तरी स्पर्श करायचा, किंवा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदानरेषा ओलांडायची. दोन्ही न करता परतला तर बाद. बहुतेक माजी खेळाडू इथेच बाद होतात. ‘सरांमुळे मी’ असे वाक्य निघते, त्यातले ‘सरांमुळे’ मागे राहते आणि ‘मी’ सुसाट सुटतो. मी जिल्ह्याला खेळलो, मला हैदराबादला बोलावले, मी पोलिसात लागलो, माझा प्लॉट आता इचोड्याला आहे. वीस मिनिटे सगळीकडे फिरून गडी जागेवर येऊन बसतो, आणि सर आपले हार सांभाळत त्याच खुर्चीत. खरे सांगायचे तर हे ऐकून कान किटले आहेत. चढाई 30 सेकंदांचीच असते, आणि तेवढ्यात एक खरी गोष्ट सांगून होते: घोटा मुरगळला तेव्हा सरांनी भर पावसात मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले आणि पेट्रोलचे पैसे कधी मागितले नाहीत. झाले. बसावे.

तेलुगूतून झालेली स्तुती मराठीत आणून पुन्हा करू नये. बाजारहत्नुरात दोन्ही भाषा कळतात, अनेकांना गोंडीही.

नेमके बोलणे माणसाला जमते याचा पुरावा क्रिकेटमध्ये आहे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर आपली 200 वी कसोटी संपवून सचिन तेंडुलकर बोलायला उभा राहिला, तेव्हा नावे विसरू नयेत म्हणून त्याच्या हातात यादी होती. भाषण लांबले, पण रमाकांत आचरेकर सरांचा भाग थोडका: अकराव्या वर्षी भाऊ अजित त्यांच्याकडे घेऊन गेला, सर स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, आणि 29 वर्षांत ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हणाले नाहीत, कारण पोरगा सैल पडेल. आता पुढे सामनाच नाही, तेव्हा म्हणायला हरकत नसावी, असेही त्याने सुचवले. तिथे निवृत्त होत होता तो शिष्य, पण निदानरेषा व्यवस्थित ओलांडली गेली. हेच आचरेकर सर सरावात स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाज बाद न होता टिकला तर नाणे त्याचे. सचिनने तशी 13 नाणी जपून ठेवली. या व्यवहारात भेटवस्तू कोणाकडून कोणाकडे जाते, ते वर्गणी गोळा करणाऱ्यांनी पाहून ठेवावे.

यावरून उघड आहे की सत्काराच्या दिवशीही सरांकडून कौतुकाची अपेक्षा धरू नये. आदिलाबाद जिल्ह्यातल्या प्रशिक्षकाचे सर्वोच्च पदक ‘बरं’ हे असते, आणि त्यालाही ‘पुन्हा कर’ जोडलेले असते. उत्तरादाखल सर उभे राहतील तेव्हा दोन मिनिटे बोलतील. त्यातले एक मिनिट मैदानाच्या उताराबद्दल असेल. या वेळी टाळ्या वाजवू नयेत. उतार कोणत्या बाजूला आहे ते लिहून घ्यावे.

पाया पडायचे ते मंचावर नव्हे. फोटोग्राफर जेवायला गेल्यावर.

निवृत्तीचा आदेश शाळेच्या हजेरीपटापुरता असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सर मैदानावर असतातच. नवे पीईटी रुजू होईपर्यंत, आणि पुष्कळदा झाल्यावरही, फक्कीची पाटी त्यांच्याच हातात राहते. भाषण केलेल्यांपैकी जे गावात राहतात त्यांनी हजर व्हावे आणि पोरांना घोट्याची पकड करून दाखवावी; बाहेरगावच्यांनी दिवाळीला. उशिरा येणाऱ्यास मैदानाच्या फेऱ्या जुन्याच दराने पडतील, आणि सत्काराला दिलेली वर्गणी त्यातून वजा होणार नाही.