मामा नऊ वेळा दिसले पाहिजेत
(लग्नाच्या व्हिडिओत ट्रान्झिशन घालू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग शिकायला निघालात? अभिनंदन. आधी एक वाईट बातमी पचवा. लग्नात कॅमेरा फारसा हलतच नाही. मंगलाष्टकं चालू असताना तो स्टँडवर उभा असतो आणि शूटिंगवाला पंगत कधी बसते त्याकडे डोळा लावून असतो. मांडवात न हललेला कॅमेरा आता तुम्हाला खुर्चीत बसून हलवायचाय. जमेल.

१. ट्रान्झिशनचं पॅक डाउनलोड करा. दोनशेचं नको, पाचशेचं घ्या. वापरणार तुम्ही चारच: डावीकडे झटका, उजवीकडे झटका, झूम आणि गरगर. पण घरात भांडी असावीत.

२. सुरुवात झटक्याने करा. शास्त्रात याला व्हिप पॅन म्हणतात. हे खरं तर शूटिंग करतानाच साधायचं काम. पहिला शॉट संपताना कॅमेरा सर्रकन उजवीकडे वळवायचा, पुढचा शॉट त्याच दिशेच्या वळणातून सुरू करायचा आणि मधल्या धूसर पट्ट्यांत कात्री चालवायची. दिशा आणि वेग जुळले की सांधा कळत नाही. तुम्ही या भानगडीत पडू नका. दोन क्लिपांच्या सांध्यावर ॲडजस्टमेंट लेयर टाका, अलीकडे चार फ्रेम, पलीकडे चार फ्रेम, चित्र बाजूला ढकला, वर मोशन ब्लर चढवा. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने प्रकरण जेमतेम तृतीयांश सेकंदात आटोपतं. तेवढ्यात हळदीवरून थेट पंगतीत. कोण कुणाला हळद लावत होतं, हा प्रश्न पडायलाही वेळ मिळत नाही.

३. आता झूम-आउट. इथे जरा थांबा, कारण गुरुकिल्ली इथेच आहे. चित्र लहान केलं की भोवती काळी रिकामी जागा उघडी पडते. ती झाकायला सॉफ्टवेअर त्याच चित्राच्या आरशातल्या प्रती फरशांसारख्या बसवतं. चित्र तृतीयांशावर आलं की मधे एक, भोवती आठ. वेगात हे कुणाला दिसत नाही, असं शिकवणारे सांगतात. त्यांनी लग्नाचा व्हिडिओ पाहणारं घर पाहिलेलं नाही. तिथे रिमोट मोठ्या काकूंच्या हातात असतो आणि त्या दर दोन मिनिटांनी ‘थांब थांब, ती कोण गं?’ म्हणून चित्र थांबवतात. नवरीला मांडवात आणणारे मामा नेमके तेव्हा सापडतात. नऊ मामा, त्यांतले सहा खाली डोकं वर पाय. मामा रुसले तर समजा, ट्रान्झिशन बरोबर बसलं.

४. थोरांच्या चुकांतून शिका. हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’ हा सिनेमा काढला. कॅमेऱ्यातली रीळ १० मिनिटांच्या आसपास संपायची, म्हणून काही ठिकाणी तो कॅमेरा पात्राच्या पाठीला नेऊन भिडवायचा. पडदा कोटाने काळा झाला की पुढची रीळ तिथूनच सुरू. एवढी मेहनत कशासाठी, तर सांधा दिसू नये म्हणून! न दिसणाऱ्या कामाचे पैसे यजमान देईल का? तुमचा सांधा दिसला पाहिजे. ऐकूही आला पाहिजे, म्हणून प्रत्येक झटक्याला ‘हूऽऽश’ असा आवाज जोडा. सनईच्या वर ठेवा.

५. ढोल-ताशा आला की ठोक्यागणिक चित्र हादरवा. तुमची मान दुखेल, बघणाऱ्यांना मळमळेल. श्रीखंडावर ढकला.

६. अंतरपाट. ही अवघड जागा आहे. इथे लग्नानेच आपलं ट्रान्झिशन तयार ठेवलंय: दोघांच्या मधे धरलेलं कापड, वर कुंकवाचं स्वस्तिक, शेवटचं ‘सावधान’ आणि कापड बाजूला. त्यामागून दोन चेहरे. इतका नेमका वाइप पाचशेच्या पॅकमध्ये मिळणार नाही. म्हणूनच त्याच्यावर गरगर लावा. कापड दूर व्हायच्या चार फ्रेम आधी सुरू करा आणि थेट जोडीच्या ड्रोन शॉटवर उतरा. नवरीने पहिल्यांदा वर बघितलं ते राहून गेलं, अशी कुरकुर येईल. ‘सिनेमॅटिक आहे’ म्हणा. या शब्दापुढे अजून कुणी बोललेलं नाही.

७. पेनड्राइव्ह देऊन आलात की महिन्याभरात फोन येईल. नवऱ्या मुलाच्या आजींना पुन्हा पाहायचंय, पण ‘ते भिरभिरणारं नको’. आपली धाकटी बहीण कुठे बसली होती, एवढंच त्यांना हवंय. शोधावं लागणार नाही. स्टँडवरच्या कॅमेऱ्याच्या त्या लांबलचक, न हललेल्या क्लिपमध्ये तिसऱ्या रांगेत त्या बहीणबाई सापडतील, मांडीवर नातू, हातात अक्षता. म्हणून मूळ शूटिंग कधी पुसू नका. मागितलं तर जसंच्या तसं द्या.

त्याचे पैसे मात्र वेगळे सांगा.