न धावता पदक मिळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पाचोड व पंचक्रोशीतल्या होतकरू धावपटूंना कळवण्यात येते की, लांब पल्ल्याची शर्यत पायांनीच पुरी करायची असते हा समज आता मागे पडला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाणी ओलांडून 2023 मध्ये आशियाई सुवर्ण आणलं. एवढा खटाटोप कुणी सांगितला होता?

पहिली पद्धत वाहनाची, आणि ती ऑलिंपिकमध्ये वापरून झालेली आहे. 1904 साली सेंट लुईच्या मॅरेथॉनमध्ये फ्रेड लॉर्झ थोडं पळून दमला आणि मोटारीत बसला. वाटेतल्या लोकांना हात करत निवांत निघाला. पुढे मोटारच बंद पडली, म्हणून नाइलाजाने उतरून पळाला, तर थेट पहिला! सत्काराच्या वेळी बिंग फुटलं. तेव्हा गाडीची सर्व्हिसिंग आधी करून घ्यावी. पुढच्याच वर्षी हा गडी बॉस्टनची मॅरेथॉन सरळ पळून जिंकला. पण असली उदाहरणं उमेदवारांसमोर ठेवू नयेत, पोरं बिघडतात.

पाचोडला गाड्यांची वानवा नाही. धुळे-सोलापूर महामार्ग हाताशी, मोसंबीच्या हंगामात तर पिकअपांची रीघ. अडचण निराळीच आहे. छातीवर नंबर लावलेल्या माणसाला इकडं कुणी मुकाट्यानं बसवून नेत नाही.

"कुणाचा रे तू?"

"तात्यांचा नातू."

"मग पळायचं सोडून गाडीत काय करायलास? थांब, तात्यालाच फोन लावतो."

आपण शर्यतीच्या शेवटाला पोचायच्या आत बातमी तिथं चहा पिऊन बसलेली असते. म्हणून गाडी परजिल्ह्यातलीच निवडावी, आणि ड्रायव्हर शक्यतो कमी बोलणारा. असा ड्रायव्हर अद्याप आढळलेला नाही.

दुसरी पद्धत भावाची. 1999 साली दक्षिण आफ्रिकेच्या सुमारे 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत मोत्सोएनेंग भावांनी एकाच नंबरवर आळीपाळीने पळून नववा क्रमांक काढला. अदलाबदल शौचालयात. पुढे फोटोंत एकाचं घड्याळ डाव्या हातात दिसलं, दुसऱ्याचं उजव्या. तर घड्याळ कुठल्या मनगटावर, हे घरूनच ठरवून निघावं.

पोलीस भरतीला मात्र यातलं काही चालत नाही. पुरुषांना 1600 मीटर, 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलात तर 20 पैकी 20. मैदान डोळ्यांसमोर, साहेब उभे, पायाला चिप. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी भरतीची पोरं हे मार्गदर्शन वाचायलाही थांबत नाहीत. त्यांचा नाद सोडावा.

तिसरी पद्धत औषधाची. 1904 चा खरा विजेता थॉमस हिक्स याला वाटेत स्ट्रिक्नीन आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याचं विष. तेव्हा त्याविरुद्ध नियम नव्हता. आता नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेची, माणसं लघवीचा नमुना मागतात. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत ती आल्याचं कळताच 100 मीटरच्या अंतिम फेरीत पळायला एकच गडी उरला. तिथलीच एक मुलगी स्टीपलचेस संपल्यावरही थांबेना. पळतच राहिली, आणि अधिकारी मागे. माझ्या मते त्या दिवशीची ती सर्वांत मनापासूनची धाव. ही पद्धत निवडणाऱ्यांनी ठरलेल्या अंतराच्या पुढचाही सराव ठेवावा.

शेवटी मुलाखत. 1980 साली रोझी रुइझ बॉस्टनची मॅरेथॉन 2 तास 31 मिनिटं 56 सेकंदांत 'जिंकली'. ती शेवटच्या टप्प्यात गर्दीतून घुसली होती. सरावात इंटरव्हल, म्हणजे मधे थांबून जोरात पळायच्या फेऱ्या, किती घेतेस, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. शिवाय अंगाला म्हणावा तसा घाम नाही. आठ दिवसांत पदक गेलं. म्हणून चार शब्द पाठ करून ठेवावेत आणि बनियन भिजलेलं असावं. बाटलीतलं पाणी ओतून मात्र भागणार नाही. घामाला वास असतो, आणि पाचोडची माणसं खांद्यावर हात टाकूनच बोलतात.