पावसाचा तलाठी

गच्चीवर पर्जन्यमापक बसवल्यापासून पडलेल्या आणि न पडलेल्या अशा दोन्ही पावसांची जबाबदारी माझ्यावर आहे, असं आमचं गाव धरून चालतं. बोईसर स्टेशनात उतरून समुद्राच्या दिशेने निघालं की तारापूरच्या अलीकडे-पलीकडे जी गावं लागतात, त्यांतलंच हे एक. मृग कोरडा गेला की लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, "काय मास्तर, कधी?" सूर उधारी मागणाऱ्याचा. मी पडून गेलेला पाऊस मोजतो, पुढचा सांगत नाही, असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "पडून गेलेला तर आम्हीपण भिजून बघितला." यावर मला आजवर तोड सापडलेली नाही. पावसाचा तलाठी हे नाव तेव्हाच पडलं.

यंत्र तसं साधं. वर नरसाळं, आत दोन वाट्यांची तराजूसारखी डुलणारी पट्टी. एक वाटी भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जागेत एक लिटर पाणी, हे मी सरपंचांना सांगितलं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात गावाचं क्षेत्रफळ लावलं आणि ते जरा घाबरले. तापमापकासाठी झडपांची पांढरी पेटी लागते. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या, दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने काढली. त्याचा मुलगा म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा. आमच्याकडे एकाने ती खुराडं समजून कोंबडीचा भाव विचारला. पेटी उघडताना तापमापकावर ऊन पडू नये म्हणून तिचं दार उत्तरेला करतात. वास्तुशास्त्र मानणाऱ्या एका पाहुण्यांनी मात्र या दारावरून माझी पाठ थोपटली.

हवामान खात्याच्या हिशेबाने अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. त्याहून कमी पडला तर भिजलेल्या माणसाने तक्रार करू नये. एका धुळवडीला भर उन्हात माझ्या यंत्राने तीन मिलिमीटर नोंदवले. गच्चीवर पोरं पिचकाऱ्या घेऊन फिरत होती आणि नरसाळ्याच्या कडेला गुलाबी ओघळ होते. नियमाने बघितलं तर तो पावसाचा दिवस झाला. मी आकडा खोडला, पण पोरांनी तो आधीच गावभर केला होता.

खरी भांडणं साडेआठची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. त्यामुळे सोमवारी रात्री कौलं उडवून गेलेला पाऊस मंगळवारच्या तारखेला बसतो, आणि मंगळवार तर लख्ख उन्हाचा. "मंगळवारी थेंब नव्हता," असं सांगायला माणसं घरी येतात. त्यांचंही खोटं नसतं.

खारे वारे आणि मतलई वारे शिकवण्यात माझी हयात गेली. निम्मी मुलं परीक्षेत ते उलटे लिहीत. आता दोन्ही वारे रोज समोर मांडलेले असतात. दुपारी समुद्रावरून खारा, पहाटे जमिनीकडून मतलई. पहाटेचा वारा पूर्वेचा झाला हे काट्याआधी नाकाला कळतं, कारण त्या बाजूला कारखाने आहेत. बोंबील सुकवणाऱ्या एक मावशी वलांडीवर जाण्याआधी मला हाक मारतात, "मास्तर, आज घालू का नको?" मी आर्द्रता सांगतो, ऐंशी टक्के. त्या म्हणतात, "ते माहीताय, मिठाला सकाळीच पाणी सुटलंय." मग विचारता कशाला? "तुमचं यंत्र बरोबर चाललंय का ते बघायला."

पंचांगातली नक्षत्रंही गावाने सोडलेली नाहीत. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, आणि प्रत्येक नक्षत्राचं वाहन छापलेलं: बेडूक, म्हैस, हत्ती. माझ्या यंत्राला वाहन नाही, ही त्याच्यातली मोठी उणीव. एका म्हणीशी मात्र माझं पटत नाही. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही देशावरची गोष्ट, रब्बीवाल्यांची. इकडे स्वाती लागते तेव्हा भात कापून खाचरात आडवं पडलेलं असतं. त्यावर पाऊस झाला की लोंबीतच मोड येतात, आणि मावशींचे बोंबील वलांडीवर कुजतात ते वेगळंच.

पाऊस शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भेदभाव करतो, हे मुंबईने तर कायमचं शिकून ठेवलं आहे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला आणि कुलाब्याला ७५ च्या आत. आता राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, आणि चिकूसारख्या फळपिकाचा हवामानावर आधारलेला विमा त्या आकड्यांवर ठरतो. एका मंडळात गावं पुष्कळ, केंद्र एक. तिथे माझ्या आकड्याला कवडीची किंमत नाही. तरीही चिकूवाले एक बागायतदार पावसाळ्यात रोज येऊन तो वहीत उतरवून नेतात. उपयोग काय, असं विचारलं तर म्हणाले, "भांडायला काहीतरी हातात पाहिजे ना."

नाद नवा नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरूनाना छत्रे पोरसवदा वयात कामाला लागले; पुढे गणिताचे मोठे प्राध्यापक झाले, टिळकांना त्यांनीच शिकवलं. केरूनानांना निदान पगार होता, हे आमच्या घरात मला अधूनमधून ऐकवलं जातं.

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, माझा भाव फार वधारला होता. किनाऱ्यावरची वस्ती हलवली होती आणि हवेचा दाब उतरत होता. लोक दर अर्ध्या तासाला फोन करून 'किती' एवढंच विचारत. कशाचं किती, ते कुणी विचारलं नाही. वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि आम्ही बचावलो. दुसऱ्या दिवशी एकाने मला नारळ आणून दिला. मी घेतला.

यंदा ग्रामपंचायतीने रोजचा पाऊस बाहेरच्या फळ्यावर लिहायचं ठरवलं. फळ्याच्या डाव्या अंगाला मिलिमीटर आणि उजव्या अंगाला घरपट्टीच्या थकबाकीदारांची नावं. पाऊस वाचायला रोज सकाळी चांगली गर्दी होते. आता थकबाकीदारांनी सह्यांचा अर्ज दिला आहे की पाऊस दुसरीकडे लिहावा. मागणी रास्त आहे, पण पंचायतीकडे दुसरा फळा नाही, आणि तो घ्यायचा तर घरपट्टी वसूल व्हायला हवी.