काकांचं साम्राज्य खालसा

2025 च्या फेब्रुवारीत ठाण्यात बाळकुमच्या आमच्या सोसायटीत एक साम्राज्य बुडालं, आणि त्याचा दुखवटा अजून संपलेला नाही. साम्राज्य बी विंगेतल्या काकांचं. काका बँकेतून निवृत्त झालेले. गुडघे धरलेत, लिफ्ट बंद असली की ते दूधही आणायला उतरत नाहीत. पण रात्री जेवणं आटोपून संगणकापुढे बसले, की पहाटेपर्यंत रोम घेतात, चीनशी तह करतात आणि जमलं तर चंद्रावर माणूस पाठवून मगच झोपतात.

गेमचं नाव 'सिव्हिलायझेशन'. 1991 साली सिड मायरने पहिला भाग काढला. काकांनी सूत्रं हाती घेतली ती 1996 च्या दुसऱ्या भागापासून. तेव्हापासून नियम एकच: इसवीसनपूर्व 4000 मध्ये हाती चार माणसं आणि मोकळं रान मिळतं, त्यातून गाव वसवायचं, गावाचं शहर करायचं आणि हजारो वर्षं तीच एक जमात घेऊन अणुयुगात पोचायचं. "अजून एकच टर्न" हे या गेमचं जगभरचं ब्रीद. आमच्या इमारतीत ते काकूंना पाठ आहे, कारण ते रात्री दोन वाजता भिंतीपलीकडून ऐकू येतं.

काका नव्या भागावर नाराज होतात, यात तसं नवीन काही नाही. 2010 साली पाचवा भाग आला तेव्हा एका जागी एकच पलटण ठेवता येते म्हणून ते महिनाभर धुमसत होते. 2016 ला सहावा आला तर म्हणाले, हे काय कार्टून, यात लढाई करायची की पोरं खेळवायची? दर खेपेला मागचा भाग सोन्याचा ठरतो. पण सातव्याने त्यांचं जे केलं ते कुठल्याच भागाने केलं नव्हतं. त्याने त्यांचं राज्य मध्येच खालसा केलं.

त्याचं असं झालं. सातव्या भागात इतिहासाची तीन युगं पाडली आहेत. गेम आला तेव्हा नियम असा, की एक युग सरलं की तुमची संस्कृती बदलायची, नेता मात्र तोच राहायचा. काकांनी देशाभिमानाने सम्राट अशोक घेतला. पहिल्या युगात मौर्य. ठीक. दुसऱ्या युगात अशोक चोळ झाला. काकांनी पाणी प्यायलं. तिसऱ्या, म्हणजे कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या युगात अशोकापुढे भारतातला म्हणून जो पर्याय आला तो होता मुघल. त्या रात्री बी विंगेत कोणी झोपलं नाही.

"मराठे कुठे आहेत?" काका गच्चीवर विचारत होते. "2009 साली 'एम्पायर टोटल वॉर'मध्ये मराठे होते. खेळता येत होते. 1737 ला चिमाजीअप्पांच्या फौजेने ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून काढून घेतला, इथून चालत गेलो तर तासात पोचेन. आणि रेल्वेच्या युगात हिंदुस्थान कोणाचा, तर म्हणे मुघलांचा!" कोणीतरी हळूच म्हणालं की काका, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, तेव्हा लाल किल्ल्यात बहादूरशहा जफर नावापुरता का होईना बसलेला होताच. त्या माणसाशी काका अजून बोलत नाहीत.

आता यातली गंमत अशी, की काकांच्या रागाचं मुख्य कलम 'असं कुठे असतं का?' हे आहे. नेता तोच आणि झेंडा दुसरा, हे काकांना पटत नाही. पटत नाही कोणाला, तर ठाण्याच्या मतदाराला! 2022 च्या जूनमध्ये इथले नेते सुरतमार्गे गुवाहाटीला गेले आणि परत आले तेव्हा युग बदललेलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाणही त्यांच्याच हवाली केलं. म्हणजे युगही बदलायचं आणि जुनी पाटीही बरोबर न्यायची. ही सोय सातवा भाग आला तेव्हा त्यात नव्हती. गेम बनवणाऱ्या अमेरिकेतल्या त्या कंपनीने नियम बनवण्याआधी एकदा तीन हात नाक्यावर चहा प्यायला हवा होता.

गेममध्ये आणखी एक नियम आहे. तुमच्या हद्दीत तीन ठिकाणी घोडे मिळाले आणि त्यांची नीट व्यवस्था लावली, की पुढच्या युगात तुम्ही मंगोल होऊ शकता. इजिप्त असा की ग्रीस असा, घोडे तीन पाहिजेत. काकांना हा पोरकटपणा वाटतो. आमच्या मते नियम बरोबर आहे, फक्त भाव कमी लावलाय. घोडेबाजारात तीन घोड्यांवर आपल्याकडे पंचायत समितीसुद्धा फिरत नाही.

पण काका खरे मोडून पडले ते शहरांच्या प्रकरणात. युग संपताना राजधानी सोडून तुमची बाकीची शहरं परत साधी गावं व्हायची. फौज बरीचशी गायब व्हायची, चालू युद्धं पुसली जायची. रात्ररात्र जागून उभी केलेली नगरं, धान्याची कोठारं, तटबंदी सगळं तिथेच असायचं, पण पाटी 'गाव' अशी. पुन्हा पैसे मोजा, पुन्हा शहराचा दर्जा घ्या. "शहराचं गाव होतं कधी?" काकांचा आवाज फुटला होता.

होतं, काका. डोंबिवलीला जा. 1983 साली कल्याणची महापालिका झाली तेव्हा भोवतालची गावं तिच्यात आली. 2002 मध्ये त्यातली 27 गावं बाहेर काढली. 2015 मध्ये तीच 27 गावं पुन्हा आत घेतली. 2020 मध्ये त्यातली 18 परत बाहेर काढायचा निर्णय झाला आणि त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द केला. एका माणसाच्या हयातीत घर न हलवता गाव, शहर, गाव, शहर. त्याने फक्त घरपट्टी कुठे भरायची एवढं विचारत राहायचं. सातव्या भागात युगं तीनच आहेत, हे काकांनी नशीब समजावं.

आणि एक तक्रार आहे, तीही सांगून टाकतो. गेम बाजारात आला तेव्हा टेहळ्याला आपापलं हिंडायला सोडायची सोय त्यात नव्हती. एकेक पाऊल हाताने टाकावं लागे. काका म्हणतात, इतकी साधी गोष्ट विसरतात? कल्याण-डोंबिवलीत 2020 च्या नोव्हेंबरात नगरसेवकांची मुदत संपली, ती पुढची निवडणूक झाली 2026 च्या जानेवारीत. पाच वर्षांवर काळ खेळाडूच नव्हता आणि खेळ व्यवस्थित चालू होता. ठाण्यातही 2022 पासून तोवर तेच. हा कोड कंपनीने आपल्याकडून मागवला असता, तर ठाण्या-कल्याणने तो आनंदाने दिला असता. आणि टर्न मोजायचेच तर, मेट्रो पाचचं भूमिपूजन 2018 च्या 18 डिसेंबरला झालं. काका बाळकुम नाक्यावर सिग्नलला उभे असले की तिच्या खांबांकडे बघून पिरॅमिड किती टर्नमध्ये होतो ते सांगतात.

पैशाचा भाग वेगळाच. बाजारात आला तेव्हा मूळ गेम 70 डॉलरचा. जास्त पैसे भरणाऱ्यांना तो पाच दिवस आधी, फेब्रुवारीच्या 6 तारखेलाच. शिर्डीत व्हीआयपी पास असतो तसं. काकांनी जास्त पैसे भरले, म्हणजे निराश व्हायला ते इतरांच्या आधी मोकळे झाले. मग कळलं की या गेममध्ये ब्रिटन नाही. अख्ख्या जगाच्या इतिहासातून इंग्रज वजा! काका क्षणभर खूश झाले. मार्चमध्ये इंग्रज आले, वेगळे पैसे घेऊन. इथे मात्र कंपनीला दोष देता येणार नाही, इतका काटेकोर इतिहास तिने दुसरीकडे कुठेच पाळलेला नाही.

एकतृतीयांश जुनं ठेवायचं, एकतृतीयांश सुधारायचं आणि एकतृतीयांश नवं आणायचं, असा या गेमवाल्यांचा जुना हिशेब. काकांच्या मते या वेळी जुन्यातलं फक्त नाव ठेवलं. ते एकटे नाहीत: काही महिन्यांतच स्टीमवर सातव्यापेक्षा पाचवा आणि सहावा भाग खेळणारे जास्त दिसू लागले. मग वर्ष संपत आलं तेव्हा कंपनीने जाहीर केलं, एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता येईल अशी सोय आम्ही तपासून पाहतोय. लोकं ओरडली की धोरण मागे. आमच्या वॉर्ड ऑफिसला हे कळता कामा नये.

काकूंचं मत विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, बाहेर रोज काही ना काही पुसून नवं लिहितात, ह्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मांडलेलं तसंच राहील अशी एकच जागा होती, ती त्या मेल्यांनी घेतली." एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या वेगळ्या केल्या आणि काकांना बाहेरून लसूण आणायला पिटाळलं.

काका आता पाचव्या भागात सुखी आहेत, ज्याच्यावर ते 2010 साली थुंकले होते.

2026 च्या 15 जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं. चार-चारचं पॅनेल, चार बटणं. काका गुडघ्यांना पट्टे बांधून केंद्रावर गेले, रांगेत त्यांनी पुढच्या तरुणाला अशोकाचा मुघल कसा होतो हे समजावून सांगितलं आणि बोटाला शाई लावून आले. दारातच काकूंनी विचारलं, कोणाला दिलं?

"आपल्या नेहमीच्याला."

"पण ह्या वेळी त्याचं चिन्ह वेगळं आहे ना? मागच्या वेळी तर दुसऱ्या पक्षात होता."

"चिन्हाचं काय घेऊन बसलीस," काका पट्टे सोडत म्हणाले, "माणूस ओळखीचा आहे."