दाजींचा पायगुण

नवी सून घरात आली आणि सासऱ्यांना बढती मिळाली, की पायगुण चांगला म्हणतात. ती आली आणि गोठ्यातली म्हैस दगावली, की वाईट. मोबाईल कंपन्यांमध्ये गिऱ्हाइकाचा पायगुण बघायची रीत नाही. असती, तर फिनलंडपासून कोरियापर्यंतच्या बड्या बड्या साहेबांनी आमच्या दाजींची पत्रिका मागवून घेतली असती, आणि फोन विकण्याऐवजी तो न घेण्याचेच पैसे त्यांना घरपोच केले असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम सांगली, गावभाग. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढून गेल्या वर्षी निवृत्त झाले. कर्ज मागायला आलेला माणूस तरणार की बुडणार, हे ते त्याच्या चपलांवरून सांगत, आणि ते खरं ठरे. पण स्वतःच्या खिशातला फोन बनवणारी कंपनी तरणार की बुडणार, हा अंदाज त्यांचा चारपैकी चार वेळा चुकला. एवढं सातत्य नुसत्या अडाणीपणानं येत नाही. त्याला निष्ठा लागते.

निष्ठा हा शब्द मी जपून वापरतोय. दर सप्टेंबरात नवा आयफोन आला, की मुंबईत बीकेसीच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लावणाऱ्यांनाही लोक निष्ठावंत म्हणतात. म्हणोत बापडे. जिंकणाऱ्या पैलवानाच्या नावानं शिट्ट्या मारायला काय लागतं? दाजींची जात वेगळी. गाडी रिकामी होत चालली, की इतरांना शंका येते. दाजींना खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद होतो. शेवटी गाडीत ते आणि कंडक्टर उरतात. मग कंडक्टरही उतरतो. दाजी बसलेलेच.

लग्नात आमच्या वडिलांनी त्यांना एचएमटीचं घड्याळ दिलं होतं. रोज रात्री जेवण झालं, की ते किल्ली देतात. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, त्या रात्री त्यांनी दोन पिळे जास्त दिले म्हणे. तेव्हा मूळ दोष ताईच्या माहेरचाच, हे मी मान्य करतो.

पहिला फोन २००४ साली घेतला, नोकिया ११००. आदल्याच वर्षी बाजारात आलेला हा फोन पुढे जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. डोक्यावर बॅटरी, म्हणजे उजेडाची बॅटरी, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबरी कातडं. शेतावर, नदीकाठी, अंधाऱ्या जिन्यात वापरायची वस्तू. दाजींचं पहिलं आणि खरं प्रेम हेच. या फोननं त्यांना कधी फसवलं नाही, आणि मला वाटतं, पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं. पहिला सावकार सज्जन भेटला, की माणूस प्रत्येक सावकाराच्या दारात टोपी काढून उभा राहतो.

२०१० मध्ये साहेबांच्या हातात बरा दिसावा असा फोन हवासा वाटला, तेव्हा दाजींनी नोकियाचाच ई-७१ घेतला. पोलादी पाठ, इंग्रजी टाइपरायटरसारखी पूर्ण बटणं, आत सिंबियन. घरी आणून त्याला हळदकुंकू लावलं. तीन-चार महिने झाले असतील-नसतील, २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाचे मुख्याधिकारी स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. उत्तर समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगून, आपलीही गत तशीच झाली आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. दोन-तीन दिवसांत सिंबियन मोडीत काढायचं आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी सोयरीक करायची, असं ठरलंसुद्धा. दाजींनी बातमी वाचून चहाची बशी खाली ठेवली.

"दुकानाला आग लागली तर मॅनेजरनं पाणी आणायचं असतं. रस्त्यावर येऊन बोंब नाही मारायची," ते म्हणाले. आणि त्याच दिवशी ई-७१ साठी नवं कातडी कव्हर आणलं.

पुढे ब्लॅकबेरी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती फार टिकली नाही. २०१२ च्या दिवाळीत घेतली. तिच्यातली बीबीएम ही निरोपांची सोय तेव्हा फक्त ब्लॅकबेरीवाल्यांनाच आपसात वापरता येई, आणि अख्ख्या शाखेत दुसरा ब्लॅकबेरीवाला म्हणजे शाखाधिकारी. तेव्हा ज्या एकमेव माणसाचे निरोप यायला नको होते, त्याचेच येत. जानेवारीत 'रिसर्च इन मोशन' या कॅनडातल्या कंपनीनं स्वतःचं नाव बदलून ब्लॅकबेरी केलं. पेढीचं नाव बदलणारा कर्जदार दिसला की दाजी बँकेत फाईल लाल दोरीनं बांधत. इथे मात्र म्हणाले, "बघ, आता तर नावच लावून घेतलं!" ऑगस्टात कंपनीनं स्वतःला विकायचा विचार जाहीर केला.

एव्हाना आमच्या घराण्यात दाजींच्या फोनकडे पंचांगासारखं बघायची पद्धत पडली होती. शेअरबाजारात हात मारणारा माझा एक चुलतभाऊ महिन्याला सांगलीला फोन करून आधी दाजींची तब्येत विचारायचा, मग सहज विचारल्यासारखं, "आणि मोबाईल कोणता म्हणालात सध्या?"

पण दाजींचा सुवर्णकाळ म्हणाल तर ल्युमियाचा, म्हणजे नोकियाच्या विंडोज फोनचा. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनधंदा ताब्यात घेतला. किंमत सुमारे ७.२ अब्ज डॉलर. माहेर आणि सासर एकत्र आल्यावर लेकीचं कोण वाकडं करणार, असा दाजींचा हिशेब. पडद्यावर रंगीत चौकोन, हलणारे, पालटणारे. ताई त्याला ओट्यामागच्या फरश्या म्हणायची. खरं सांगायचं तर फोन सुरेख होता, आणि हे मी आता लिहितोय, तेव्हा तोंडावर बोललो नाही. त्यावर ॲप मिळत नसत. "ॲप कमी म्हणजे ताप कमी," दाजी म्हणत. भाचीनं एकदा टॅक्सी मागवायला फोन मागितला, तर त्यांनी तिला स्टँडपर्यंत चालत सोडलं.

२०१५ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टनं ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. घेतलं ७.२ ला, बुडवलं ७.६. ही बातमी दाजींनी बँकरच्या नजरेनं तीनदा वाचली. मुद्दलापेक्षा जास्त बुडवणारा कर्जदार त्यांनी पाहिला होता. पण मुद्दलापेक्षा जास्त बुडवणारा सावकार पहिल्यांदाच पाहत होते. आम्हाला वाटलं, आता तरी सोडतील. सोडतात कसले! "अडचणीत आहेत बिचारे. आपणही सोडलं तर कसं होणार?" मायक्रोसॉफ्टविषयी 'बिचारे' हा शब्द वापरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा.

आणि मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. गावभागात तळमजले बुडाले, वीज गेली. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर गोळा झालेली. पहिल्या दिवशी सगळे फोनवर पाण्याचे व्हिडिओ काढत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक फोन डोळे मिटू लागला. महागडे आधी, स्वस्त नंतर. त्यात दाजींची ल्युमियाही गेली. तेव्हा दाजी उठले, देव्हाऱ्याखालचं फडताळ उघडलं आणि मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला ११०० बाहेर काढला. आत बीएसएनएलचं कार्ड होतं. इतकी वर्षं ते न चुकता रीचार्ज करत होते आणि हे ताईलासुद्धा माहीत नव्हतं.

पुढचे दोन दिवस जिथे रेंज येई त्या कोपऱ्यात दाजी खुर्ची टाकून बसले. एकेकानं यायचं, एक मिनिट बोलायचं, "आम्ही बरे आहोत" एवढंच सांगायचं, फोन परत करायचा. रांगेत आयफोनवाला डॉक्टर होता, सॅमसंगवाला ठेकेदार होता. दाजी वहीत नाव आणि वेळ लिहून घेत होते, बँकेच्या सवयीनं. रात्री जिन्यात त्याच फोनचा उजेड. होडीतून बिस्किटं देणाऱ्या मुलांना त्यांनी तो उजेड दाखवून हाक मारली. या सबंध काळात दाजी एकदाही "म्हणत होतो ना मी" म्हणाले नाहीत. ते त्यांनी पाणी ओसरल्यावर म्हटलं, आणि अजून म्हणतायत.

त्या वर्षी ३१ डिसेंबरला विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲप बंद झालं. सगळा देश नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होता आणि दाजी त्या रात्री घराण्याच्या ग्रुपवर निरोप घेत होते. "येतो मंडळी," एवढाच मजकूर. नाशिकच्या मावशींनी घाबरून रात्री बाराला ताईला फोन केला.

आता अँड्रॉइड घेणं भागच होतं. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना मिठायांची नावं देण्याची गूगलची रीत होती. ती त्यांनी २०१९ मध्येच थांबवली. कोण येतोय याची कुणकुण लागली असावी. शेवटची मिठाई नववी आवृत्ती, तिचं नाव पाय. नेमकी तीच आवृत्ती असलेला एलजीचा फोन दाजींनी २०२० च्या संक्रांतीला घेतला. एलजी का? तर घरातला फ्रीज एलजीचा, धुण्याचं यंत्र एलजीचं, दोन्ही बारा वर्षं कुरकुर न करता चाललेली. तर्कात खोट काढता येत नाही. २०२१ च्या ५ एप्रिलला एलजीनं मोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ताई तडक उठून फ्रीजवर हात ठेवून आली.

त्यानंतरही तो फोन दाजींनी चार-पाच वर्षं ओढला. आता बँकेचं ॲप त्यावर चालेना, आणि पेन्शन बघायची तर नवा फोन हवा. मैदानात दोनच पैलवान उरलेत, आयफोन आणि अँड्रॉइड. भाची पुण्यात नोकरी करते, ती हप्त्यावर घेतलेल्या आयफोनवाली. भाचा कट्टर अँड्रॉइडवाला. दोघांची भांडणं ऐकली तर वाटावं, जमिनीचा बांध सरकलाय. हा म्हणतो, तुमच्या लोकांनी २०१६ ला हेडफोनचं भोक बुजवलं, २०२० ला डब्यातून चार्जर काढला. ती म्हणते, तुझी सॅमसंग त्यावर जाहिरातीतून हसली आणि मग तिनंही तेच केलं. एरवी ही दोघं जगातल्या प्रत्येक माणसाला आपल्या कळपात ओढतात. पण दाजींचं नाव निघालं, की दोघांचं अचानक जुळतं.

"बाबा, तुम्हाला ना अँड्रॉइडच सोयीचं," आयफोनवाली म्हणते.

"छे छे, बाबांच्या हाताला आयफोनच शोभेल," अँड्रॉइडवाला म्हणतो.

दाजींनी फुलस्केपवर रेघा मारून कर्जप्रस्तावाची छाननी करावी तशी दोन्ही पक्षांची छाननी केली. पुण्याला गेले तेव्हा कोरेगाव पार्कात २०२५ च्या सप्टेंबरात उघडलेलं ॲपलचं दुकानही बघून आले. शेरा : "गल्ला दिसला नाही." गल्ला नसलेलं दुकान त्यांनी हयातीत पाहिलेलं नव्हतं. २०२३ मध्ये टिम कुक मुंबईत आले आणि माधुरी दीक्षितसोबत त्यांनी वडापाव खाल्ला, हे भाचीनं पुरावा म्हणून मांडलं. शेरा : "वडापाव टेबलाशी बसून खाल्ला. विचाराधीन."

पण खरा शोध त्यांना कागदपत्रांतच लागला. आयफोनमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून असावं म्हणून गूगलनं ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालेलं. आयफोन टेन आला त्या २०१७ पासून आयफोनचे पडदे सॅमसंग पुरवत आलेली. दाजींनी चष्मा काढला.

"अरे, ही दोघं भांडतायत कुठे? ही तर एकमेकांना जामीन आहेत!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "असली खाती मी पाहिलीत. एक बसलं, की दुसरं आपोआप बसतं."

भाची आणि भाचा एकमेकांकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता.

गेल्या रविवारी मी सांगलीला गेलो होतो. भडंगाचं ताट मध्ये, फुलस्केप मांडीवर. दाजींनी वर बघितलं.

"तू कोणता वापरतोस रे? कधी नीट पाहिलाच नाही. काढ बघू."

मी या सगळ्या ब्रँडवेडाला हसत आलेला माणूस. फोन म्हणजे फोन, असं चारचौघांत सांगणारा. पण माझा हात आपसूक खिशावर गेला.

"बॅटरी संपलीय, दाजी."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. स्वयंपाकघरातून ताईचाच होता.

"दाखवलास का त्यांना?" ती कुजबुजली. "दाखवू नकोस हां. मला तोच घ्यायचाय."