गाडीला पिण्याचा परवाना

महाराष्ट्रात माणसाला दारू प्यायची असेल तर परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून धडधाकट आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग एका दिवसापासून आजन्मापर्यंतच्या मुदतीचे परवाने देतो. कायद्याच्या दृष्टीने मराठी माणूस मजेसाठी पीतच नाही. तो प्रकृती सांभाळण्यासाठी पितो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर प्रकृती सांभाळायचीही सोय नाही. तिथे पूर्ण दारूबंदी आहे.

त्याच वर्ध्यात एखादी स्कूटर पंपावर जाते, भर दुपारी, चारचौघांत वीस टक्के अल्कोहोल पोटात घेते आणि घरी परतते. परवाना नाही, वयाची अट नाही, गांधी जयंतीचा ड्राय डे नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर तो गुन्हेगार. गाडीच्या १०० मिलिलिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर इथेनॉल असतं, म्हणजे हवालदारसाहेब ज्यासाठी आपल्याला फुंकर मारायला लावतात त्याच्या पाचशेपटीहून अधिक. पण फुंकर मारायची ती वर बसलेल्याने, खालची मोकळी. (हे इथेनॉल माणसाने पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम काहीबाही मिसळलेलं असतं. तेव्हा टाकीत नळी घालून खात्री करायचा मोह कुणी धरू नये.)

गाडीला ही सवय एका दिवसात लागलेली नाही. सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २००१ साली मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के ठरलं. ठरलं एवढंच, २०१४ साल उजाडलं तेव्हा देशातलं प्रत्यक्ष प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होतं. मग जोर आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले, ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी. वीस टक्क्यांसाठी २०३० साल ठरलं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६ केलं आणि २०२५ मध्येच गाठलं. मुदतीआधी पुरं झालेलं एक सरकारी काम दाखवा, असं जे लोक चहाच्या टपरीवर म्हणत असत त्यांनी आता गप्प बसावं. आमच्या रस्त्याचं गटार अजून अर्धवट आहे, पण ते इथेनॉलवर चालत नसावं.

आता आमच्या सोसायटीतल्या तात्यांबद्दल. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यांची स्कूटर मात्र अजून सेवेत आहे. कार्बोरेटरवाली, किकवाली, रंग उडालेली. तात्यांच्या मते या देशात जे जे बिघडलं ते सगळं ई-२० मुळे, म्हणजे या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. एव्हरेज पडलं, इथेनॉल. सकाळी पंधरा किका माराव्या लागतात, इथेनॉल. परवा हॉर्न वाजेना, तेही इथेनॉल.

"तात्या, सर्व्हिसिंग कधी केलं होतं?"

"त्याचा काय संबंध? पूर्वी सर्व्हिसिंग न करता चालत होतीच की!"

गॅरेजवाल्यालाही हे सोयीचं झालं आहे. पूर्वी त्याला "पेट्रोलमध्ये कचरा आहे काका" म्हणायला निदान कार्बोरेटर खोलावा लागे. आता तो गाडी स्टँडवर लावण्याआधीच निदान करतो.

तात्यांचं सगळंच चुकतं असं मात्र नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत पाणी वाढलं, की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलशी काडीमोड घेतात आणि तळाशी जाऊन बसतात. आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते नेमकं तळातून. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉल सोडवतं आणि कार्बोरेटरच्या जेटपर्यंत पोचवतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे सुटे भाग हे सगळं सोसतील अशा बेताने बनवलेले आहेत, आणि इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे त्यासाठी जुळवलेलं इंजिन खुशीत चालतं. तक्रार आहे ती त्याआधीच्या गाड्यांची. म्हणजे ज्यांच्या मालकांना नवी गाडी घेणं परवडत नाही त्यांची.

या तक्रारींवर पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दोनदा खुलासा केला. त्याचा मथितार्थ असा, की फरक पडतो पण किरकोळ, आणि एव्हरेज काही एकट्या इंधनावर ठरत नाही. गाडी चालवण्याची पद्धत, वेळेवर ऑईल बदलणं, एअर फिल्टर, टायरमधली हवा, एसी, असं बरंच काही त्यात येतं. म्हणजे आमचा गॅरेजवाला सगळं इथेनॉलवर ढकलतो आणि मंत्रालय सगळं टायरच्या हवेवर. दोघांच्या मध्ये तात्या किक मारत उभे आहेत.

किरकोळ म्हणजे किती, हे सरकारच्याच नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं. दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या मोटारींत ई-२० घातलं तर एव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी आणि दुचाकींत तीन ते चार टक्क्यांनी घटेल. शंभर रुपयांमागे सहा रुपये. मंत्रालयाला ते किरकोळ वाटतात, कारण मंत्रालय सुटे पैसे बाळगत नाही. याच सहा टक्क्यांनी महागाई भत्ता घटवायचा म्हटला तर त्याला किरकोळ कोण म्हणतं ते पाहायला आवडेल.

त्या अहवालात आणखी दोन गोष्टी होत्या. एव्हरेज घटणार, तेव्हा ग्राहकाची भरपाई म्हणून हे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं. आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर ठेवावं. वाचून डोळे पाणावले. आपल्या देशात कोणीतरी ग्राहकाचा विचार केला होता! पुढे अहवालातलं वीस टक्क्यांचं लक्ष्य वेळेआधी अमलात आलं आणि भरपाईची ओळ अहवालातच सुखरूप राहिली. मंत्रालयाचं म्हणणं असं, की अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता ते महाग झालंय. २०२५ मध्ये खरेदीचा सरासरी भाव वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडत होता. बरोबर आहे. आधी स्वस्त होतं म्हणून मिसळलं, आता महाग आहे म्हणून स्वस्त देता येत नाही. २०२३ मध्ये नितीन गडकरींनी साठ टक्के इथेनॉल आणि चाळीस टक्के वीज असं गणित मांडून पेट्रोल पंधरा रुपये लिटर पडेल असं सांगितलं होतं. तात्यांनी ते कात्रण जपून ठेवलं आहे. पंपावर दाखवलं तर सूट मिळेल अशी त्यांची समजूत आहे.

"अहो, पण शेतकऱ्याचा फायदा होतोय ना?" असं कुणी म्हटलं की आपण जीभ चावतो. चावायलाच हवी. शेतकरी आता अन्नदाता राहिला नाही, तो ऊर्जादाता झाला आहे, असं सगळ्या व्यासपीठांवरून सांगितलं जातं. या ऊर्जादात्याला डिसेंबर २०२३ मध्ये एक अनुभव आला. साखर कारखान्यांनी सरकारच्याच व्याजसवलतीवर कर्जं काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले होते. ७ डिसेंबरला हुकूम आला की उसाच्या रसापासून इथेनॉल बंद, साखर कमी पडेल. काल संध्याकाळपर्यंत देशकार्य करणारा रस सकाळी देशाच्या तोंडचा घास पळवणारा ठरला. सांगली-कोल्हापूरकडे हाहाकार उडाला आणि आठवडाभरात हुकूम सैल झाला: सतरा लाख टन साखरेपर्यंत चालेल. रसाची देशभक्ती टनांत मोजून परत मिळाली.

उसाचा असा भरवसा राहिला नाही, म्हणून मका पुढे आला. आज देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा धान्याचा, त्यातही मक्याचा आहे. मक्यावर जगणाऱ्या कोंबड्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणावा लागला. परदेशी तेलावरचं अवलंबित्व घटवण्यासाठी परदेशी मका, यालाच स्वावलंबनाचा पुढचा टप्पा म्हणत असावेत. मका पुरेना तेव्हा सरकारी गोदामातला तांदूळ डिस्टिलरीला किलोला साडेबावीस रुपयांनी देऊ केला. आमच्या वाण्याकडे साडेबावीस रुपयांत तांदळाची पिशवी हुंगायला मिळते. पुढच्या जन्मी डिस्टिलरी व्हावं हे बरं.

बरं, हा ऊर्जादाता मोटारसायकल चालवतच नाही असं कुठे आहे? शिराळ्याचा नाहीतर माळशिरसचा ऊसकरी जुन्याच गाडीवर मळ्यात जातो. कारखान्याच्या काट्यावर त्याचा ऊस हलका भरतो आणि पंपावर त्याचं पेट्रोल. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त भाव, साखरेच्या उताऱ्यावर ठरते, इथेनॉलच्या भावावर नाही. म्हणजे ऊस देताना तो ऊर्जादाता, टाकी भरताना साधा गिऱ्हाईक, आणि दोन्ही वेळा मापाकडे बघत उभा.

पाण्याचं मी काढणार नव्हतो, पण तात्या पाटबंधाऱ्यातले. त्यांनी नीती आयोगाचाच आकडा काढला: उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. तात्यांच्या स्कूटरची टाकी पाच लिटरची. ते इथेनॉल उसाचं असेल तर टाकी एकदा फुल्ल केली की पावणेतीन हजार लिटरहून जास्त पाणी आत गेलं. उन्हाळ्यात सोसायटी दहा हजार लिटरचा टँकर मागवते त्यावरून केवढी भांडणं होतात; तो अख्खा टँकर म्हणजे साडेतीन लिटर इथेनॉल. ज्या मिरजेत इथेनॉलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आणि लातूर उसाचा जिल्हा. मिरजेने महाराष्ट्राला काय काय पुरवावं याला काही सीमा?

आता पर्यावरण. अकरा वर्षांत इथेनॉलमुळे जो कार्बन वाचला तो तीस कोटी झाडं लावण्याएवढा आहे, असं सरकारने २०२५ मध्ये सांगितलं. परकीय चलन वाचलं ते १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचं. आकडे मोठे आहेत आणि ते खोटे आहेत असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. तेल आयात करणाऱ्या देशाने दुसरा मार्ग शोधू नये असंही कुणी म्हणत नाही. हिशेबाच्या वहीत मात्र एक पान कोरं दिसतं. देशाचं चलन वाचलं, कारखान्याला गिऱ्हाईक मिळालं, तेल कंपनीचं लक्ष्य पुरं झालं, आकाशाला तीस कोटी झाडं मिळाली. ज्याच्या गाडीतून हे सगळं धावलं त्याला काय मिळालं? टायरमधली हवा तपासण्याचा सल्ला.

ब्राझीलचं उदाहरण आपल्याला नेहमी देतात. जरूर द्यावं. तिथे १९७५ पासून हा उद्योग चालू आहे आणि सध्या पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल असतं. पण तिथे २००३ पासून कोणतंही मिश्रण पचवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आहेत, आणि पंपावर नुसतं इथेनॉल वेगळं, कमी भावात मिळतं. तिथला माणूस पंपावर उभा राहून मनात हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल घ्यायचं, नाहीतर पेट्रोल. एवढा हिशेब आपल्याला जमणार नाही का? कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये सोडवून घेणारी जमात आहे ही! आपण ब्राझीलकडून इथेनॉल उचललं आणि निवड करायचा भाग तिथेच विसरून आलो. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा मान राखून एवढंच म्हणतो, की आता आपल्यापुढे एकच पर्याय आहे आणि तो निवडण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे.

तेव्हा मी आणि तात्यांनी ठरवलं की धोरणाला विरोध करायचा नाही, त्यात सामील व्हायचं. आम्ही मिश्रित रुपया सुरू केला. शंभर रुपयांच्या बिलात ऐंशी रुपये रोख, आणि उरलेल्या वीस टक्क्यांच्या जागी मंत्रालयाच्या खुलाशाची छापील प्रत. रुपयाची सगळी कामं ती करते, फक्त किरकोळ कमी पडते. आणि जुन्या गल्ल्यात ती नीट बसली नाही तर आधी गल्ल्याचं सर्व्हिसिंग कधी केलं होतं ते पाहावं. तात्यांनी काल पंपावर हा व्यवहार करून पाहिला. पंपावरच्या पोराने खुलासा उलटसुलट करून वाचला, घडी घातली, तात्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "काका, इथे शंभर टक्केच चालतात."